कमी शक्तीच्या ट्रान्समीटरमधला बिघाड शोधण्यासाठी साधा आरएफ डिटेक्टर : नवख्यांसाठी मार्गदर्शन

स्वतःच्या हाताने जुळवलेला एक-दोन वॅटचा ट्रान्समीटर पहिल्या दिवशी सहसा चालत नाही. बॅटरीतून करंट जातो, मल्टिमीटरवर बारा व्होल्ट बरोबर दिसतात, ट्रान्झिस्टर किंचित गरमही होतो, पण शेजारी ठेवलेल्या रिसिव्हरवर काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप (लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र) आहे त्याचे काम सोपे होते. चोपडा, शहादा, शिरपूर, चाळीसगाव अशा ठिकाणी एकट्याने हा छंद जोपासणाऱ्याकडे मात्र बहुतेक वेळा एक मल्टिमीटर, एक सोल्डर आयर्न आणि एवढ्याशा सुट्या भागांची डबी असते. तेवढ्या साधनांतच बिघाडाचे ठिकाण कसे गाठायचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

मल्टिमीटर एकट्याने हे काम करू शकत नाही, याचे कारण सरळ आहे. त्याचा एसीचा भाग घरातल्या विजेसाठी, म्हणजे सेकंदाला पन्नास आंदोलनांसाठी बनवलेला असतो आणि साध्या मीटरमध्ये तो काही शे हर्ट्‌झच्या पुढे भरवशाचा राहत नाही. ७ मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला सत्तर लाख आंदोलने. अशा रेडिओ वारंवारतेच्या आंदोलनांनाच आरएफ म्हणतात. एक डायोड आणि एक कॅपॅसिटर यांच्या साहाय्याने या वेगवान आंदोलनांचे डीसी व्होल्टेजमध्ये रूपांतर केले, की मग तोच मल्टिमीटर ते व्होल्टेज नीट मोजतो. डिटेक्टर म्हणजे एवढेच.

पुढील विवेचन ७ मेगाहर्ट्‌झवर मोर्स पाठवणारा, बारा व्होल्टवर चालणारा, शेवटच्या टप्प्यात बीडी१३९ हा ट्रान्झिस्टर असलेला ट्रान्समीटर डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. पद्धत मात्र ३.५ ते १४ मेगाहर्ट्‌झच्या कोणत्याही लहान ट्रान्समीटरला लागू पडते.

१. सर्वांत आधी परवाना

हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परवाना हातात येण्यापूर्वी ट्रान्समीटर चालवू नये. शक्ती अगदी कमी आहे किंवा आपण अँटेना न लावता डमी लोडवरच (अँटेनाऐवजी जोडायच्या रोधावरच) चालवत आहोत, या सबबी कायद्यापुढे टिकत नाहीत. परीक्षेची तयारी चालू असताना डिटेक्टर आणि डमी लोड बनवून ठेवण्यास मात्र काहीच हरकत नाही, कारण ही दोन्ही केवळ मोजण्याची साधने आहेत. परवाना आल्यावर त्याची प्रत आणि आपले कॉलसाइन (आपल्या केंद्राचे सांकेतिक नाव) कामाच्या टेबलाजवळ लावून ठेवावे.

२. लागणारे साहित्य

सर्व साहित्य एकदाच आणावे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपल्या गावच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात यातले बरेचसे मिळून जाते. जे मिळत नाही ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून, कुणी जाणारे असेल तर त्याच्याकडून, मागवता येते.

- १ किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्म रेझिस्टर : २०
- डायोड १एन४१४८ : २
- १एन५७११ किंवा बीएटी८५ हा शॉटकी डायोड, नाहीतर १एन३४ए किंवा ओए७९ हा जर्मेनियम डायोड : २
- ०.०१ मायक्रोफॅरडचे, १०० व्होल्टचे सिरॅमिक कॅपॅसिटर (अंगावर १०३ लिहिलेले) : ४
- १ मेगाओहम, ३.९ मेगाओहम आणि २२० किलोओहम, तसेच ३९० किलोओहम आणि २२ किलोओहमचे रेझिस्टर : प्रत्येकी १
- तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या पीसीबीचे (सर्किट बोर्डाचे) तुकडे
- जाड मार्कर पेनाची रिकामी नळी, एक जाड शिवणसुई, एक क्रोकोडाइल क्लिप, थोडी मऊ वायर
- बारा व्होल्टची बॅटरी आणि १ अँपिअरचा फ्यूज

बॅटरीविषयी दोन शब्द अधिक लिहितो. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे बारा व्होल्टचे स्वस्त अ‍ॅडॅप्टर तपासणीच्या वेळी वापरू नयेत, कारण त्यांतला उच्च वारंवारतेचा कचरा डिटेक्टरमध्ये शिरतो आणि ट्रान्समीटर बंद असतानाही मीटरवर काहीतरी आकडा दिसत राहतो. आपल्याकडे कपाशीवर फवारणी करण्याचा बॅटरीवरचा पंप घरोघरी असतो. त्याची बारा व्होल्टची बॅटरी या कामाला उत्तम आहे आणि लोडशेडिंगमध्येही काम थांबत नाही. फक्त तिच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. ही बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन आवरण पेटते.

कॅपॅसिटरवरचे आकडे नीट वाचायला शिकावे. १०१ म्हणजे १०० पिकोफॅरड, १०२ म्हणजे १००० पिकोफॅरड, १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड आणि १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. दुकानात चारही एकाच डब्यात मिसळलेले असतात आणि शेवटचा अंक बारीक छापलेला असतो. १०१ च्या जागी १०४ बसला तर ऑसिलेटर (आंदोलने निर्माण करणारा पहिला टप्पा) कधीही सुरू होणार नाही. घरी आणल्यावर प्रत्येक प्रकार वेगळ्या पुडीत बांधून वर त्याचा आकडा लिहून ठेवावा.

३. आपला मल्टिमीटर कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग त्यांचे सगळे आकडे चुकतात. डीसी व्होल्ट मोजताना मल्टिमीटर स्वतः थोडा करंट घेतो. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो, पण सर्वत्र मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या डीटी-८३० जातीच्या मीटरचा तो १ मेगाओहमच असतो. पुढे बनवायच्या प्रोबमधला (सर्किटला टेकवून मोजायच्या साधनातला) रेझिस्टर कोणता घ्यायचा हे यावर ठरते.

ओळखण्याची रीत अशी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मीटरने थेट मोजावी आणि आकडा लिहून ठेवावा. मग बॅटरीचे धन टोक आणि मीटरची लाल वायर यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर घालून पुन्हा मोजावे. आकडा निम्म्यावर, म्हणजे साडेचारच्या आसपास आला, तर मीटर १ मेगाओहमचा आहे. आकडा थोडासाच उतरून ८.२ च्या जवळ राहिला, तर मीटर १० मेगाओहमचा आहे. मीटरच्या पाठीवर ते लिहून चिकटवावे.

४. डमी लोड

ट्रान्समीटर कधीही मोकळ्या टोकाने चालवू नये, कारण लोड नसताना शेवटच्या ट्रान्झिस्टरवर जास्त व्होल्टेज येऊन तो जाऊ शकतो. तपासणीसाठी त्याला ५० ओहमचा, ऊर्जा उष्णतेत घालवणारा लोड द्यावा लागतो.

पीसीबीचे साधारण सहा सेंटिमीटर लांबीचे दोन चौकोनी तुकडे घ्यावेत. दोन्ही एकत्र धरून पाच ओळींत चार-चार अशी वीस बारीक भोके पाडावीत. वीसही रेझिस्टर दोन तुकड्यांमध्ये उभे बसवून दोन्ही बाजूंच्या तारा बाहेरच्या तांब्यावर झाळाव्यात. एका किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडल्यावर बरोबर ५० ओहम होतात, आणि अर्ध्या वॅटचे वीस म्हणजे १० वॅटची क्षमता मिळते. हवा खेळण्यासाठी रेझिस्टरांमध्ये अंतर राहू द्यावे. शेवटी मीटरने मोजून ४९ ते ५१ ओहम येतात का ते पाहावे. आकडा ५२-५३ आला, तर एखाद्या रेझिस्टरचा सांधा कच्चा राहिला आहे.

इथे एक सापळा आहे. दुकानदार पांढऱ्या सिमेंटचा, "५० ओहम १० वॅट" असा एकच जाड रेझिस्टर पुढे करतो. तो घेऊ नये. त्याच्या आत तारेचे वेढे असतात, त्यामुळे डीसीला तो ५० ओहम दाखवतो, पण ७ मेगाहर्ट्‌झला तो कॉइलसारखा वागतो आणि त्यावरची कोणतीही मोजणी खरी नसते.

५. डमी लोडवरच बसवलेला पॉवर डिटेक्टर

डमी लोडच्या गरम टोकाला, म्हणजे ट्रान्समीटरची मधली तार जिथे येते तिथे, १एन४१४८ चे पट्टा नसलेले टोक झाळावे. पट्ट्याचे टोक ०.०१ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरच्या एका टोकाला जोडावे आणि कॅपॅसिटरचे दुसरे टोक ग्राउंडला द्यावे. डायोड आणि कॅपॅसिटर जिथे मिळतात तिथून एक वायर मीटरच्या लाल टोकाकडे आणि ग्राउंडवरून दुसरी काळ्याकडे जाते. डायोडच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात.

कॅपॅसिटरवर आरएफच्या शिखराइतके व्होल्टेज साठते, फक्त डायोड स्वतःसाठी सुमारे अर्धा ते पाऊण व्होल्ट ठेवून घेतो. मी ०.६ धरतो. मीटरवरच्या आकड्यात ०.६ मिळवावे, बेरजेचा वर्ग करावा आणि १०० ने भागावे, म्हणजे वॅट मिळतात. मीटरवर ११ व्होल्ट असतील तर ११.६ चा वर्ग १३४.६, म्हणून पॉवर सुमारे १.३५ वॅट. बारा व्होल्टवर चालणारा आणि ५० ओहमला सरळ जोडलेला शेवटचा टप्पा जास्तीत जास्त बाराचा वर्ग भागिले शंभर, म्हणजे १.४४ वॅटच्या आसपास देऊ शकतो. त्यामुळे अशा ट्रान्समीटरकडून १.१ ते १.३५ वॅट आले, तर तो उत्तम चालतो आहे असे समजावे. तीन वॅटची अपेक्षा ठेवून नसलेला बिघाड शोधत बसू नये. उलट अशा सर्किटवर दोन-अडीच वॅट दिसू लागले, तर मोजणीत किंवा सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे.

या जागी बीएटी८५ वापरू नये. उलट्या दिशेने डायोडवर शिखराच्या दुप्पट व्होल्टेज येते. पाच वॅटला शिखर २२.४ व्होल्ट असते, म्हणजे डायोडवर जवळजवळ ४५ व्होल्ट येतात, आणि बीएटी८५ ची मर्यादा ३० व्होल्टची आहे. १एन४१४८ हे सहज पेलतो. पॉवर मोजताना थोडे व्होल्टेज गमावले तरी चालते, पण डायोड टिकला पाहिजे.

६. हातात धरायचा प्रोब

ट्रान्समीटरच्या आतल्या टप्प्यांवर मोजण्यासाठी वेगळा प्रोब लागतो. तिथे व्होल्टेज लहान असते, म्हणून डायोड शॉटकी किंवा जर्मेनियम हवा. जर्मेनियम डायोड ०.२-०.३ व्होल्टवरच वाहू लागतो आणि जुन्या रेडिओंतून फुकट निघतो, म्हणून जुन्या लेखांत त्याचीच शिफारस असते. आपल्याकडच्या हवामानात मला ती पटत नाही. तापमान वाढले की जर्मेनियमची उलट्या दिशेची गळती झपाट्याने वाढते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त तापते. त्या वेळी सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा जुळत नाही आणि दोष ट्रान्समीटरवर येतो. १एन५७११ मिळाला तर तोच घ्यावा. त्याची मर्यादा ७० व्होल्टची आहे आणि गळती नगण्य आहे.

जोडणी अशी करावी. मार्करच्या नळीत सरकेल इतकी अरुंद पीसीबीची पट्टी कापून तिच्या तांब्यावर कटरने दोन आडव्या रेषा कोरून तीन वेगळे तुकडे करावेत, आणि कडेने लांबीभर एक पट्टा ग्राउंडसाठी राखावा. पहिल्या तुकड्यावर सुई झाळावी. सुईला कथील सहजासहजी धरत नाही, म्हणून तिचे मागचे टोक पॉलिश पेपरने घासून घ्यावे. पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्यांमध्ये १०३ चा कॅपॅसिटर येतो. दुसऱ्या तुकड्यापासून ग्राउंडपर्यंत डायोड येतो आणि त्याचा पट्टा दुसऱ्या तुकड्याकडे असावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यांमध्ये रेझिस्टर येतात : मीटर १० मेगाओहमचा असेल तर ३.९ मेगाओहम आणि २२० किलोओहम एकापुढे एक, आणि मीटर १ मेगाओहमचा असेल तर ३९० किलोओहम आणि २२ किलोओहम. तिसऱ्या तुकड्यावरून मीटरची लाल वायर निघते, ग्राउंडवरून काळी वायर निघते, आणि ग्राउंडच्या पुढच्या टोकापासून क्रोकोडाइल क्लिपची वायर निघते.

हे विचित्र वाटणारे रेझिस्टर कशासाठी, असा प्रश्न पडेल. कॅपॅसिटर आणि डायोड मिळून शिखराइतके डीसी व्होल्टेज तयार करतात. आपला रेझिस्टर आणि मीटरचा आतला रोध यांच्यात त्याची वाटणी होऊन मीटरच्या वाट्याला त्याचा ०.७०८ पट भाग येतो, आणि हेच शिखर आणि आरएमएस (लहरीचे परिणामी मूल्य) यांच्यातले प्रमाण आहे. त्यामुळे मीटर सरळ आरएमएस व्होल्ट दाखवतो. जुन्या आकृत्यांत इथे ४.७ मेगाओहम लिहिलेला असतो. तोच रेझिस्टर १ मेगाओहमच्या मीटरला लावला, तर आकडा खऱ्याच्या चौथ्या हिश्श्यावर येतो आणि उत्तम चालणारा ऑसिलेटरही मेलेला वाटतो.

क्लिपची वायर दहा सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नये. लांब वायर स्वतःच अँटेना होते आणि प्रोब कुठेही टेकवला नाही तरी मीटर हलू लागतो. तयार पट्टी नळीत सरकवावी, नळीवर तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळून ती ग्राउंडला जोडावी आणि तीवर इन्सुलेशन टेप लावावी.

हा प्रोब फक्त बारा-पंधरा व्होल्टच्या सर्किटसाठी आहे. घरातल्या विजेला, व्हॉल्व्हच्या सर्किटला किंवा एसएमपीएसच्या आतल्या भागाला तो लावू नये.

७. प्रोबची परीक्षा

ट्रान्समीटरवर जाण्यापूर्वी प्रोब स्वतः बरोबर आहे याची खात्री करावी. भंगारातल्या जुन्या संगणकाच्या बोर्डांवर चार पायांची, धातूची, चौकोनी ऑसिलेटरची डबी असते आणि तिच्यावर मेगाहर्ट्‌झ छापलेले असतात. तिला ५ व्होल्ट दिले की ती चौकोनी लहर देऊ लागते. तिच्या आउटपुटवर प्रोब टेकवल्यावर मीटरवर दीड ते पावणेदोन व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा ऋण दिसला तर डायोड उलटा बसला आहे. शून्य दिसले तर सुईपासून पहिल्या तुकड्यापर्यंतचा सांधा आधी पाहावा, कारण तोच बहुधा कच्चा असतो.

८. टप्प्याटप्प्याने तपासणी

ट्रान्समीटरला डमी लोड जोडावा, प्रोबची क्लिप ज्या टप्प्यावर मोजायचे त्याच्या अगदी जवळच्या ग्राउंडला लावावी आणि मोर्सची की (कळ) दाबून मोजावे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त की दाबून ठेवू नये, कारण उन्हाळ्यात बीडी१३९ चा हीटसिंक आधीच तापलेला असतो. ठिबकच्या शेतात पाणी कुठपर्यंत पोहोचले हे जसे मोटारीपासून एकेक व्हॉल्व्ह पुढे जात पाहतात, तसेच इथे ऑसिलेटरपासून अँटेनाच्या दिशेने एकेक टप्पा पुढे जायचे. मधूनच कुठेतरी सुरुवात केली तर गोंधळ होतो.

*ऑसिलेटर.* प्रोब लावण्यापूर्वी साध्या मीटरने डीसी पाहावे : कलेक्टरवर पुरवठा येतो का, बेसवर बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारे डीसी व्होल्टेज) आहे का, एमिटर बेसपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट खाली आहे का. ते ठीक असेल तर प्रोब एमिटरवर किंवा ऑसिलेटरच्या आउटपुटवर टेकवावा. क्रिस्टलच्या (वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकाच्या) टोकावर टेकवू नये, कारण प्रोबची थोडीशी कॅपॅसिटन्सही तिथे ऑसिलेटर थांबवू शकते, आणि मग मोजमापानेच निर्माण केलेला बिघाड आपण शोधत बसतो. एमिटरवर साधारणपणे अर्ध्या व्होल्टपासून दोन व्होल्टपर्यंत काहीही मिळू शकते. काहीच नसेल तर ट्रान्झिस्टरचे पाय तपासावेत. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो, आणि २एन३९०४ चा क्रम नेमका उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर असा आहे. एकाच्या जागी दुसरा बसवताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. पाय बरोबर असतील तर फीडबॅकचे दोन कॅपॅसिटर काढून त्यांचे आकडे भिंगाखाली वाचावेत, आणि त्यानंतरच क्रिस्टल बदलून पाहावे. रिमोट किंवा जुन्या टेलिफोनमधून निघालेले क्रिस्टल पडल्याने तडकलेले असू शकते आणि बाहेरून ते कळत नाही.

*बफर.* हा ऑसिलेटर आणि शेवटचा टप्पा यांच्यामधला टप्पा. ऑसिलेटरच्या आउटपुटवर आकडा आहे पण बफरच्या बेसवर नाही, तर मधला कपलिंग कॅपॅसिटर किंवा त्याचा सांधा यापलीकडे कारण नसते. बेसवर आहे आणि आउटपुटवर नाही, तर बफरचे डीसी पाहावे.

*शेवटचा टप्पा.* बीडी१३९ च्या बेसवरचा आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नये. बेस-एमिटर जोड स्वतःच डायोडसारखा वागून तिथले व्होल्टेज दाबून ठेवतो, त्यामुळे पाऊण ते दीड व्होल्ट पुरेसे आहेत. कलेक्टरवर मात्र एकदम मोठा आकडा, सात-आठ व्होल्टांच्या घरातला, मिळायला हवा. इथली लहर शुद्ध नसते आणि प्रोबचे आरएमएसचे गणित शुद्ध लहरीसाठीच आहे, म्हणून हा आकडा तुलनेपुरता घ्यावा.

बेसवर आहे पण कलेक्टरवर नाही, असे असेल तर तीन ठिकाणी पाहावे. पहिले, पाय : बीडी१३९ ची छापील बाजू आपल्याकडे धरल्यास डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम असतो, आणि मागचा धातू कलेक्टरला जोडलेला असल्याने हीटसिंक ग्राउंडला टेकत असेल तर अभ्रकाचा वॉशर लागतो. दुसरे, आरएफ चोक (डीसी जाऊ देणारी पण आरएफ अडवणारी कॉइल) : मीटरने त्यातून सलग मार्ग आहे का पाहावे. तिसरे, एनॅमलची तार. कॉइल गुंडाळायची तांब्याची तार उघडी दिसते पण तिच्यावर लॅकर असतो, आणि तो न खरवडता झाळले तर वरून कथलाचा सुंदर चकचकीत डाग बसतो आणि आत संपर्क शून्य असतो. नवीन माणसाच्या ट्रान्समीटरमध्ये माझ्या मते सर्वांत जास्त बिघाड इथेच असतात. तारेचे टोक ब्लेडने चारही बाजूंनी खरवडून, लालसर तांबे दिसू लागल्यावर, आधी त्यावर कथील चढवून घ्यावे आणि मगच बोर्डात घालावे.

*लो-पास फिल्टर.* हा ठरावीक वारंवारतेच्या वरचे आरएफ अडवतो. कलेक्टरवर भरपूर आहे आणि डमी लोडवर थोडेच किंवा काहीच नाही, तर दोष फिल्टरमध्ये आहे. प्रोब फिल्टरच्या प्रत्येक सांध्यावर टेकवत पुढे जावे. एखाद्या कॉइलच्या आधी मोठा आकडा आणि नंतर शून्य असेल तर ती कॉइल उघडी आहे. सगळीकडे थोडे थोडे असेल तर वेढे मोजावेत. टोरॉइडमधून (कॉइलच्या कड्यासारख्या गाभ्यातून) तार जितक्या वेळा आतून जाते तितके वेढे धरायचे असतात. बाहेरून मोजणारे एक वेढा कमी धरतात आणि मग फिल्टर भलत्याच ठिकाणी कापू लागतो.

९. आकडा खरा आहे का, याची कसोटी

या साधनाची एक मोठी मर्यादा नीट लक्षात ठेवावी. डिटेक्टर आरएफ आहे एवढेच सांगतो, ते कोणत्या वारंवारतेचे आहे हे सांगत नाही. ७ मेगाहर्ट्‌झचा सिग्नल, त्याची १४ मेगाहर्ट्‌झची हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतली नको असलेली लहर) आणि सर्किटने स्वतःहून सुरू केलेले नको असलेले आंदोलन, ही तिन्ही मीटरवर सारखीच दिसतात. डमी लोडवर सव्वा वॅट दिसले म्हणून काम संपले असे समजून अँटेना लावणे हा सर्वांत घातक सापळा आहे, कारण त्यामुळे आपण दुसऱ्यांच्या पट्ट्यात खरखर पसरवू शकतो.

म्हणून दर वेळी दोन कसोट्या घ्याव्यात. की सोडल्यावर आकडा शून्यावर आला पाहिजे. आणि क्रिस्टल सॉकेटमधून काढून की दाबल्यावरही आकडा शून्यच राहिला पाहिजे. क्रिस्टल नसताना मीटर हलला, तर शेवटचा टप्पा स्वतःच आंदोलन करतो आहे. पुरवठ्याच्या वायरवर ट्रान्झिस्टरच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला लावणे, ग्राउंडच्या तारा आखूड करणे, बेसच्या तारेत फेराइटचा मणी ओवणे, या क्रमाने उपाय करावेत आणि प्रत्येक उपायानंतर क्रिस्टल काढून पुन्हा पाहावे. क्रिस्टलसाठी सॉकेट बसवण्याचा कंटाळा करू नये, कारण झाळलेले क्रिस्टल कुणी वारंवार काढत नाही आणि ही कसोटी राहून जाते.

हार्मोनिक ओळखण्यासाठी डिटेक्टरच्या पुढे ट्यून होणारे सर्किट लावता येते. २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर साधारण १ मिलिमीटर जाडीच्या एनॅमलच्या तारेचे १२ वेढे चिकटून गुंडाळले, की जवळजवळ ३.८ मायक्रोहेन्रीची कॉइल होते. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला प्लास्टिकचा गँग (स्टेशन लावायचा, फिरणारा कॅपॅसिटर), त्याचे दोन्ही भाग समांतर जोडून, या कॉइलला लावावा. कॉइलच्या ग्राउंडकडच्या टोकापासून तिसऱ्या वेढ्यावरून शॉटकी डायोड घेऊन पुढे कॅपॅसिटर आणि मीटर, पाचव्या पायरीतल्यासारखेच, जोडावेत. सुमारे १३५ पिकोफॅरडला हे सर्किट ७ मेगाहर्ट्‌झला आणि सुमारे ३४ पिकोफॅरडला १४ मेगाहर्ट्‌झला ट्यून होते. कॉइल फिल्टरच्या आउटपुटजवळ धरून गँग फिरवावा. ७ च्या जागी मीटर उसळला पाहिजे आणि १४ च्या जागी तो जवळजवळ हलू नये. दोन्ही जागा गँगच्या चकतीवर पेनाने खुणावून ठेवाव्यात.

१०. डमी लोड काढून अँटेना लावताना

वरील सर्व कसोट्या उतरल्यावर, आणि परवाना हातात असेल तरच, अँटेना लावावी. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी साध्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाची) एकूण लांबी सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर लागते. पॉवर डिटेक्टरचा डायोड आणि कॅपॅसिटर ट्रान्समीटरच्या आउटपुटवर राहू देऊन डमी लोडच्या जागी अँटेना जोडली, तर मीटरवरचा आकडा फारसा बदलू नये. तो एकदम खाली आला किंवा एकदम वर गेला, तर ट्रान्समीटर पुन्हा उघडू नये. अशा वेळी दोष अँटेनात किंवा केबलमध्ये असतो. केबलचे दूरचे टोक मोकळे ठेवून मीटरने मधली तार आणि जाळी यांच्यात शॉर्ट नाही ना ते पाहावे, कनेक्टर उघडून जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकत नाही ना ते पाहावे, आणि पावसाळ्यानंतर केबलच्या वरच्या टोकातून आत पाणी उतरले असेल तर तेवढा भाग कापून टाकावा. काळे पडलेले तांबे घासून भागत नाही. नव्या टोकावर रबरी टेप ओढून गुंडाळावी, आणि वर चढण्याआधी दूरच्या टोकाला डमी लोड लावून केबलमधून पॉवर किती पोहोचते ते त्याच डिटेक्टरने एकदा मोजून घ्यावे.